घरगुती ध्वनिमुद्रणासाठी ध्वनिग्राहकाची निवड : सातारा व सांगली जिल्ह्यांतील मौखिक सामग्रीच्या संदर्भात

बीजसंज्ञा : ध्वनिग्राहक, पॉडकास्ट, घरगुती ध्वनिमुद्रण, मौखिक परंपरा, बोली

प्रस्तावना :

आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच समाविष्ट होता. त्या वर्षी दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याचे नामकरण सांगली असे करण्यात आले. कृष्णा, कोयना, वारणा, येरळा व माणगंगा या नद्यांच्या खोऱ्यांतील हा प्रदेश मौखिक परंपरेच्या दृष्टीने एकच मानावा लागतो. १९४२ च्या आंदोलनानंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या आठवणी, जात्यावरच्या ओव्या, माणदेशातील मेंढपाळांची गाणी, दुष्काळाच्या आणि महापुराच्या हकिकती असा फार मोठा ठेवा येथील वृद्ध स्त्री-पुरुषांच्या कंठात आहे. प्रतिसरकारच्या काळात जे ऐन विशीत होते त्यांपैकी आज बहुतेक हयात नाहीत. गावोगावी विजेच्या गिरण्या आल्यानंतर जाते मागे पडले. त्यामुळे ओवी प्रत्यक्ष दळताना गायलेल्या स्त्रियाही आता सत्तरी-ऐंशीच्या पुढच्या आहेत.

दुसऱ्या बाजूला, मुद्रणाची साधने पूर्वी कधी नव्हती इतकी सुलभ झाली आहेत. महाविद्यालयीन विद्यार्थी, शिक्षक, कीर्तनकार, कथाकथनकार आपापल्या घरी बसून पॉडकास्ट तयार करू लागले आहेत. मराठी विभागांच्या प्रकल्पकार्यात आजी-आजोबांच्या मुलाखती मुद्रित करून आणण्याची पद्धतही रुळली आहे. मात्र अशा प्रकल्पांतून जमा होणारी सामग्री ऐकताना एक गोष्ट वारंवार निदर्शनास येते. विषय मोलाचा असतो, सांगणारी व्यक्ती जाणकार असते, विचारणाराही मन लावून विचारतो. परंतु ध्वनिफितीत प्रामुख्याने ऐकू येतो तो छताचा पंखा. पुढील वर्षी पुन्हा जाऊन मुद्रण करू असे म्हणावे, तर पुढील वर्षी ती व्यक्ती असेलच असे नाही. म्हणूनच ध्वनिग्राहक कोणता घ्यावा हा प्रश्न हौसेपुरता मर्यादित राहत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार येथील घरे, येथील भाषा आणि येथील ध्वनिपरिसर लक्षात घेऊन केला आहे.

'माईक' या शब्दाची व्याप्ती :

आपल्याकडे 'माईक' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. 'देवळात माईक लावलाय' असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात कर्णा असतो. 'ध्वनिक्षेपक' हा शब्दही वृत्तपत्रांतून कधी बोलण्याच्या साधनासाठी, तर कधी आवाज बाहेर फेकणाऱ्या साधनासाठी योजलेला आढळतो. प्रस्तुत लेखात आवाज ग्रहण करणाऱ्या साधनास 'ध्वनिग्राहक' किंवा सोयीसाठी 'माईक' म्हटले आहे. हा केवळ शब्दांचा घोळ नव्हे. यात्रेतील किंवा सभेतील माईक पाहून आपली अशी समजूत झालेली असते की, चांगला माईक म्हणजे दूरचा आवाजही 'ओढून घेणारा' माईक. कोणताही ध्वनिग्राहक आवाज ओढून घेत नाही. त्याच्या पडद्यापर्यंत हवेतून जी कंपने पोहोचतात तेवढीच तो विद्युत संकेतात रूपांतरित करतो. आजीचा आवाज आणि पंख्याचा आवाज यांत तो आपणहून भेद करीत नाही; तो भेद आपण अंतराच्या आणि दिशेच्या साहाय्याने करावयाचा असतो.

ध्वनिग्राहकाच्या आगमनापूर्वीचे मुद्रण कसे होत असे याचे उदाहरण आपल्या परिसराशीच निगडित आहे. मिरजेत दीर्घकाळ वास्तव्य केलेले किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ (निधन १९३७) यांची पहिली ध्वनिमुद्रणे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील आहेत. त्या काळी गायकाला एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून गावे लागे आणि आवाजाच्या दाबानेच सुई मेणाच्या तबकडीवर खाच पाडीत असे. विद्युत मुद्रण १९२५ पासून व्यवहारात आले. खाँसाहेबांच्या १९३० नंतरच्या ध्वनिमुद्रिका माईकसमोर गायलेल्या आहेत. दोन्ही काळांतील मुद्रिका आज सहज उपलब्ध आहेत. त्या पाठोपाठ ऐकल्या असता हळुवार स्वराचा, श्वासाचा आणि तंबोऱ्याच्या झंकाराचा जो फरक जाणवतो, तो बऱ्याच अंशी ध्वनिग्राहकामुळे पडलेला फरक होय.

ध्वनिग्राहकाचे प्रकार व कार्य :

घरगुती वापराच्या दृष्टीने दोन प्रकार महत्त्वाचे आहेत. पहिला प्रकार डायनॅमिक. यात पातळ पडद्यास तारेचे वेटोळे जोडलेले असते आणि ते चुंबकाच्या क्षेत्रात हलते. पडदा कंप पावला की वेटोळ्यात सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. सायकलच्या डायनामोचे तत्त्व ज्यांनी शाळेत अभ्यासले आहे त्यांना हे सहज उमगेल. या माईकला बाहेरून वीज लागत नाही, तो दणकट असतो, धूळ व दमट हवा सहन करतो. सभागृहांत सर्वत्र दिसणारा जाळीदार गोल डोक्याचा शुअर एसएम ५८ हा माईक १९६६ पासून बाजारात आहे व तो याच प्रकारचा आहे. मात्र पडदा व वेटोळे यांचे वजन हलवावे लागत असल्याने तो तुलनेने कमी संवेदनशील असतो.

दुसरा प्रकार कंडेन्सर. १९१६ मध्ये ई. सी. वेंट यांनी विकसित केलेल्या या प्रकारात अतिशय हलका, धातूचा मुलामा दिलेला पडदा एका स्थिर पट्टीसमोर ताणलेला असतो; त्या दोहोंतील अंतर बदलले की विद्युतधारितेत बदल होतो. पडदा हलका असल्याने बारीक व तीव्र ध्वनीही तो तत्परतेने टिपतो. त्यास वीजपुरवठा आवश्यक असतो. स्टुडिओच्या उपकरणांत हा पुरवठा त्याच तारेतून ४८ व्होल्टच्या रूपाने दिला जातो. १९६२ मध्ये सेसलर व वेस्ट या अमेरिकेतील संशोधकांनी कायम विद्युतभार धारण करणाऱ्या पदार्थाचा उपयोग करून इलेक्ट्रेट माईक तयार केला आणि कंडेन्सर प्रकार एकदम छोटा व स्वस्त झाला. गळ्याशी लावावयाची 'कॉलर माईक' म्हणून ओळखली जाणारी साधने बहुतांशी इलेक्ट्रेट असतात. मोबाईलमध्ये आज याहूनही लहान, सिलिकॉनवर कोरलेले माईक असतात.

कंडेन्सर माईक 'आजूबाजूचे सगळे घेतो' आणि डायनॅमिक माईक 'फक्त तोंडचा आवाज घेतो' असे सर्रास सांगितले जाते. हे विधान अर्धसत्य आहे. डायनॅमिक माईकमध्ये परिसरातील गोंगाट वगळण्याची कोणतीही जादू नसते. तो कमी संवेदनशील असल्यामुळे आपण त्याच्या अगदी जवळ जाऊन बोलतो आणि जवळ गेल्यामुळे आपला आवाज गोंगाटाच्या मानाने मोठा होतो. कंडेन्सर माईक दोन हात दूर ठेवला तरी आवाज 'येतो' म्हणून तो दूरच ठेवला जातो आणि मग खोलीही येते. दोष अंतराचा असतो, बोल मात्र माईकला लागतो.

अंतराचे गणित :

या मुद्द्याचे थोडे गणित करून पाहणे उपयुक्त ठरेल. मोकळ्या जागेत बोलणारा व माईक यांतील अंतर निम्मे केले की थेट आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते. सामान्य संभाषणाचा आवाज एक मीटरवर साधारणतः ६० डेसिबल असतो असे धरू, आणि पंखा, फ्रीज, रस्ता यांचा मिळून माईकपाशी ४५ डेसिबल गोंगाट आहे असे मानू. म्हणजे एक मीटर अंतरावरील मुद्रणात आवाज गोंगाटापेक्षा १५ डेसिबलने वरचढ राहील. ऐकताना हे मुद्रण निश्चितच त्रासदायक वाटेल. आता माईक ५० सेंटिमीटरवर आणला, मग २५ वर, मग साडेबारावर. अंतर तीन वेळा निम्मे झाले, म्हणजे १८ डेसिबल वाढले. आवाज ७८, गोंगाट पूर्वीइतकाच ४५. फरक १५ वरून ३३ झाला. यासाठी एक रुपयाही खर्च झालेला नाही. कोणतेही महाग साधन एवढा फरक केवळ आपल्या गुणवत्तेने पाडू शकत नाही.

साडेबारा सेंटिमीटर म्हणजे बोटे जुळवून धरलेल्या पंजाच्या रुंदीपेक्षा थोडे अधिक. ही सवय लागली की निम्मे प्रश्न सुटतात. मात्र एका दिशेने आवाज घेणाऱ्या, ज्यांच्या ग्रहणक्षेत्राचा आकार बदामासारखा असतो अशा कार्डिऑइड माईकच्या फार जवळ गेल्यास आवाजातील खर्ज वाढतो. वृद्ध स्त्रीच्या किनऱ्या, क्षीण झालेल्या आवाजाला याचा फायदा होतो. भरदार पुरुषी आवाज मात्र गढूळ होतो. सर्व दिशांनी आवाज घेणाऱ्या माईकमध्ये हा परिणाम होत नाही.

येथे 'सेल्फ नॉइज' या बहुचर्चित मोजमापाचाही उल्लेख करावयास हवा. कंडेन्सर माईकच्या अंगच्या विद्युत यंत्रणेमुळे जी सूक्ष्म खरखर निर्माण होते तिचे हे माप होय. रोड एनटी१-ए या माईकसाठी ते ५ डेसिबल, तर ऑडिओ-टेक्निका एटी२०२० साठी २० डेसिबल दिलेले आढळते. आकडे पाहून पहिला माईक फारच श्रेष्ठ वाटेल. परंतु ज्या खोलीत मुळातच ४० डेसिबल गोंगाट आहे तेथे ५ आणि २० मधील भेद कानास कळणे शक्य नाही. हा भेद कळण्यासाठी रात्री दोन वाजताचे माणमधील एखादे वस्तीवरचे घर हवे.

घर, छत आणि वीज :

ध्वनिग्राहकाविषयीचे बहुतेक मार्गदर्शन परदेशी घरे गृहीत धरून लिहिलेले असते : गालिचा अंथरलेली, लाकडी भिंतींची, बंद खिडक्यांची. आपल्याकडील दहा बाय बाराची खोली म्हणजे सिमेंटचा गिलावा, वर स्लॅब, खाली फरशी. टाळी वाजवली की ती क्षणभर खणखणत राहते. अशा खोलीत संवेदनशील कंडेन्सर माईक टेबलाच्या मध्यभागी ठेवून दोघांची मुलाखत घेतल्यास मुद्रण विहिरीत बसून केल्यासारखे होते. याउलट जुन्या मातीच्या भिंतींच्या घरात, विशेषतः ज्या खोलीत ज्वारीची पोती रचलेली आहेत तेथे, आवाज आश्चर्यकारक स्वच्छ येतो. पोती व अंथरुणे ध्वनी शोषतात. घरोघरी असलेल्या गोधड्या हे आपल्याकडील उत्तम ध्वनिशोषक साधन होय. दोन जाड गोधड्या दोरीवर टाकून बोलणाऱ्याच्या पाठीमागे टांगाव्यात; माईकच्या पाठीमागे टांगल्यास त्यांचा लाभ तुलनेने कमी होतो. एका दिशेचा माईक बोलणाऱ्याकडे तोंड करून असतो, म्हणून बोलणाऱ्याच्या मागील भिंतीवरून परतणारा आवाज थेट त्याच्या पुढ्यात येतो. भिंतीला पातळ फोमचे चौकोन किंवा अंड्यांचे ट्रे चिकटविणे ही मात्र निव्वळ शोभा आहे. पातळ फोम केवळ वरच्या पट्टीचे ध्वनी शोषतो, खालचा घुमारा तसाच राहतो आणि आवाज अधिकच कोंदट वाटतो. अंड्यांच्या ट्रेचा उपयोग तेवढाही नाही.

पत्र्याच्या छताखाली पावसाळ्यात मुद्रण करण्याचा विचारच करू नये. पाटण, महाबळेश्वर, शिराळा या भागांत जून ते सप्टेंबर हा काळ त्यामुळे बाद होतो. पूर्वेकडे जत, आटपाडी, माण, खटाव येथे पाऊस आड येत नाही, वारा येतो. उघड्या माळावर वाऱ्याची झुळूक माईकच्या पडद्यावर आदळून जो भडभडाट होतो तो नंतर कोणत्याही संगणकीय प्रक्रियेने निघत नाही. त्यासाठी स्पंजची टोपी पुरत नाही, लांब केसांचे लोकरी आवरण लागते. विट्यासारख्या गावात यंत्रमागांचा खडखडाट, नदीकाठच्या गावांत गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांवरील गाणी, हे सारे ध्यानात घेऊनच वेळ ठरवावी लागते.

विजेसंबंधी एक निरीक्षण नोंदविणे अगत्याचे वाटते. भारनियमनाविषयी आपण सदैव तक्रार करतो. परंतु ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने वीज गेलेला तास हा दिवसातील सर्वोत्तम तास असतो. पंखा, फ्रीज, शेजारचा दूरचित्रवाणी संच, विहिरीवरची मोटर हे सर्व एकाच वेळी गप्प होतात. बॅटरीवर चालणारे मुद्रक किंवा चार्ज केलेला मोबाईल हाताशी असल्यास या तासाचा उपयोग करून घ्यावा. वीज असतानाही लॅपटॉप शक्यतो चार्जरपासून सोडवून बॅटरीवरच चालवावा. बऱ्याच घरांत अर्थिंग सदोष असते आणि दोन पिनांच्या चार्जरमुळे मुद्रणात ५० हर्ट्झची व तिच्या पटीतील गुणगुण उतरते. नवा माईक बदलूनही ही गुणगुण जात नाही, कारण ती माईकची नसते.

मराठी उच्चार आणि ध्वनिग्रहण :

भाषेच्या अभ्यासकास येथे विशेष लक्ष घालावे लागते. देवनागरी लिपीत 'च' आणि 'ज' ही अक्षरे प्रत्येकी दोन ध्वनींसाठी वापरली जातात. 'जग' म्हणजे विश्व हा शब्द तालव्य ज ने उच्चारला जातो, तर 'जगणे' या क्रियापदाचे आज्ञार्थी 'जग' दंत्य ज ने. 'चार' मधील च तालव्य, 'चारा' मधील दंत्य. लिखितात हा भेद दिसत नाही. तो केवळ आवाजात असतो. म्हणजेच बोलींच्या अभ्यासात हा भेद जतन करण्याचे काम ध्वनिमुद्रणालाच करावे लागते. दंत्य च, ज आणि स यांच्या घर्षणाची ऊर्जा मुख्यतः ४००० हर्ट्झच्या वर असते. पारंपरिक दूरध्वनीची मर्यादा मात्र ३०० ते ३४०० हर्ट्झ इतकीच होती. त्यामुळे अशा दूरध्वनीवर घेतलेल्या मुलाखतीत दंत्य-तालव्य भेद पुसट होतो. ब्लूटूथ कर्णयंत्राचा माईक वापरला असता हेच घडते, कारण बोलण्यासाठी वापर सुरू होताच ही जोडणी बहुधा ८ किंवा १६ किलोहर्ट्झ नमुनादरावर उतरते आणि टिपली जाणारी वारंवारता त्याच्या निम्म्याहून वर जाऊ शकत नाही. पॉडकास्टसाठी हे एकवेळ चालेल. बोलीच्या अभ्यासासाठी ब्लूटूथ माईक वर्ज्य मानावा. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने हाती घेतलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची ध्वनिमुद्रणे ज्यांनी ऐकली असतील, त्यांना प्रत्यक्ष बोलणे स्वच्छ मुद्रित झालेले असण्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

ग्रामीण बोलीतील 'पानी', 'कोन' यांसारख्या रूपांत ण ऐवजी न आहे की दोहोंच्या मधला काही ध्वनी आहे, याचा निर्णय शेजारील स्वराच्या अत्यंत अल्पकालीन वळणावरून करावा लागतो. घुमणाऱ्या खोलीत हे वळणच पुसले जाते. मराठीत महाप्राण व्यंजनेही विपुल आहेत. ख, घ, फ, भ यांच्या उच्चारात तोंडातून हवेचा झोत निघतो व तो पडद्यावर आदळून 'भप्' असा आवाज होतो. 'भाऊ', 'फार' म्हणून पाहावे. यावर उपाय माईक दूर नेणे हा नव्हे. माईक ओठांच्या सरळ रेषेत न धरता ओठांच्या कोपऱ्याशी, किंचित तिरका धरावा. झोत बाजूने निघून जातो आणि आवाज पूर्ण मिळतो.

ओवी मुद्रित करताना :

जात्यावरच्या ओव्यांचे संकलन गी पॉइटवाँ व हेमा राईरकर यांनी पुण्याहून दीर्घकाळ केले. पुढे बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांतील अनेक ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाद्वारे क्रमाने प्रकाशित होऊ लागला. शब्द, चाल आणि गाणारीचे नाव-गाव या तिन्हींना सारखेच महत्त्व देणारी ही पद्धत आपल्या भागातील संकलकांनी अभ्यासावी अशी आहे.

ओवी गाणारी स्त्री माईकसमोर ताठ बसून राहत नाही आणि तिने तसे बसावे अशी अपेक्षा करणेही अयोग्य होय. ती दळत असेल तर तिचे धड पुढेमागे होते. समोर उभ्या केलेल्या माईकपासूनचे अंतर प्रत्येक फेऱ्याला बदलत राहते व आवाज लाटांसारखा कमीजास्त होतो. अशा वेळी अंगावर लावलेला, सर्व दिशांनी ग्रहण करणारा छोटा माईक सर्वांत योग्य ठरतो. तो शरीरासोबत हलतो, त्यामुळे अंतर स्थिर राहते. बोया बीवाय-एम१ हा सहा मीटर तारेचा माईक हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो व विद्यार्थ्यांच्या हाती बहुधा तोच असतो. त्याच्या छोट्या डबीवर मोबाईल व कॅमेरा अशी दोन स्थाने असलेली कळ आहे, ती योग्य बाजूस आहे ना हे आधी पाहावे. माईक पदराच्या आत लपवू नये. पदर सरकला की कापडाची खसखस शब्दांवर पसरते. चोळीच्या गळ्याशी, मंगळसूत्र व माळ ज्या ठिकाणी लागणार नाहीत अशा बाजूस तो बाहेरून लावावा. बांगड्यांचा किणकिणाट होणारच. त्या काढून ठेवा असे म्हाताऱ्या बाईला सांगू नये, विशेषतः काकणे कोणत्या कारणाने उतरवली जातात हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तर नाहीच.

जात्याच्या घरघरीविषयी मतभेद संभवतात. काही संकलक जाते थांबवून केवळ गाणे मुद्रित करतात. प्रस्तुत लेखकाच्या मते हे योग्य नव्हे. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याला बांधलेली असते. जाते थांबवले की अनेकींना पुढची ओळ आठवतच नाही. म्हणून शक्य असल्यास दोन माईक वापरावेत : एक गळ्याशी, दुसरा जात्यापासून हातभर अंतरावर, आणि दोन्ही स्वतंत्र वाहिन्यांवर मुद्रित करावेत. नंतर ऐकणारा हवे ते प्रमाण ठरवू शकतो. हल्लीच्या बिनतारी माईकमध्ये तसेच मोबाईलमध्ये गोंगाट कमी करण्याची स्वयंचलित सोय असते. ती प्रथम बंद करावी. सातत्याने चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असे ही यंत्रणा बहुधा गृहीत धरते. जात्याची घरघर तर ती खातेच. ओवीच्या शेवटी लांबवलेला स्वरही ती कुरतडते.

जोडणी व खरेदी :

माईक संगणकास जोडण्याचे दोन मार्ग आहेत. यूएसबी माईकमध्ये संकेताचे अंकीकरण माईकच्या आतच होते. तो थेट लॅपटॉपला लावता येतो. तीन पिनांच्या एक्सएलआर माईकला मध्ये ऑडिओ इंटरफेस नावाची पेटी लागते. एकट्याने कथाकथन वा व्याख्यान मुद्रित करणाऱ्यास यूएसबी पुरेसा आहे. दोन व्यक्तींची मुलाखत नियमित घ्यावयाची असेल तर एकाच लॅपटॉपवर दोन यूएसबी माईक चालविणे कटकटीचे होते. तेथे दोन वाहिन्यांचा इंटरफेस घेणे शहाणपणाचे. सॅमसन क्यू२यू व शुअर एमव्ही७ यांसारख्या डायनॅमिक माईकना दोन्ही प्रकारची जोडणी असते, म्हणजे आज यूएसबीवर सुरुवात करून पुढे इंटरफेस घेता येतो. आपल्याकडील फरशीच्या, पंख्याच्या घरांसाठी प्रस्तुत लेखकाचा कौल याच वर्गाला आहे.

चित्रफितींतून प्रसिद्ध झालेला शुअर एसएम७बी अनेकांना हवासा वाटतो. तो उत्तमच आहे. पण त्याचा संकेत अतिशय क्षीण असून त्यास सुमारे ६० डेसिबल वर्धन द्यावे लागते. स्वस्त इंटरफेस इतके वर्धन देताना स्वतःचीच खरखर मिसळतो. अर्थात माईकच्या किमतीत आणखी एका साधनाची किंमत मिळवावी लागते. 'स्टुडिओ कंडेन्सर' म्हणून स्टँड, जाळी व फोमसह अल्प किमतीत विकले जाणारे संच हे दुसरे टोक होय. यांतील पुष्कळ माईकच्या मोठ्या डोक्यात आत लहानशी इलेक्ट्रेट गोळीच असते. दिसण्यावर जाऊ नये.

ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी मोबाईल वापरावा, यात कमीपणा नाही. मात्र तो टेबलावर न ठेवता बोलणाऱ्याच्या हनुवटीपासून वीतभर अंतरावर, त्याची माईकची बाजू वर करून, पुस्तकांच्या चळतीवर ठेवलेल्या घडी केलेल्या टॉवेलवर ठेवावा व विमान अवस्थेत टाकावा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ध्वनिसंदेशात मुद्रण करू नये, कारण त्यात आवाज दाबून लहान केला जातो. स्वतंत्र मुद्रण अ‍ॅपमध्ये 'वेव्ह' हे अदाबित रूप निवडावे. महाविद्यालयाच्या विभागासाठी एकच वस्तू घ्यावयाची झाल्यास माईकऐवजी झूम एच१एन यासारखे हातात मावणारे बॅटरीवरील मुद्रक घ्यावे असे सुचवावेसे वाटते. त्यात दोन अंगचे माईक असतात, बाहेरचा माईकही जोडता येतो आणि फोन आल्याने मुलाखत तुटत नाही.

या दोन जिल्ह्यांत ऐकून शिकण्याची सोयही आहे. आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ पासून कार्यरत आहे. शासनाने २००६ मध्ये सामुदायिक नभोवाणीचे दार स्वयंसेवी संस्थांना खुले केल्यानंतर म्हसवड येथे माणदेशी तरंग वाहिनी आणि जत तालुक्यातील जालिहाळ येथे येरळावाणी ही केंद्रे उभी राहिली. शेतकरी, मेंढपाळ, बचत गटांतील स्त्रिया यांचे आवाज रोजच्या रोज मुद्रित करण्याचा अनुभव अशा ठिकाणी असतो. खरेदीपूर्वी दुकानदाराचा सल्ला घेण्याऐवजी अशा केंद्रातील तंत्रज्ञांशी अर्धा तास बोलणे अधिक फलदायी ठरेल.

मुद्रण आणि जतन :

मुद्रणाची पातळी सर्वांत मोठ्या आवाजालाही उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील अशी ठेवावी. सांगणारा हसतो किंवा आवेशात येतो तेव्हा पातळी एकदम चढते. शून्यापाशी आवाज फाटला की तो पुन्हा सांधता येत नाही. पातळी थोडी कमी राहिल्यास नंतर वाढवता येते. आरंभी सांगणाऱ्याची संमती, नाव, गाव, दिनांक हे तोंडी बोलून मुद्रित करावे; कागद हरवतात. त्यानंतर कोणीही न बोलता अर्धा मिनिट खोलीचा आवाज मुद्रित करावा. संपादनात जोड देताना तो उपयोगी पडतो. मुद्रण संपताच सर्वांसमोर दोन मिनिटे कर्णयंत्राने ऐकावे आणि शक्यतो सांगणाऱ्या व्यक्तीलाही ऐकवावे. आपलाच आवाज ऐकून अनेक वृद्धांना आणखी काही आठवते, म्हणून मुद्रक लगेच पिशवीत टाकू नये.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एक वाहिनी या रूपात एका तासाचे मुद्रण सुमारे ५२० मेगाबाइट होते. आजच्या साठवण क्षमतेच्या मानाने हे नगण्य आहे, तेव्हा जागा वाचविण्यासाठी मूळ प्रत दाबून लहान करू नये. प्रसारणासाठी वेगळी प्रत काढावी. मूळ प्रत निदान दोन ठिकाणी आणि ती दोन ठिकाणे एकाच गावात नसतील अशी ठेवावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुरात सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तके भिजून नष्ट झाली. नदीकाठच्या महाविद्यालयाने आपली एक प्रत विट्याला किंवा दहिवडीला एखाद्या सहकाऱ्याकडे दिली, तर पेनड्राइव्हच्या किमतीत हे काम होते.